नगामागे डॉलर: कोरोनाकाळात आयोवाच्या एका काउंटीत सरकारी मदत कशी वाटली गेली

अमेरिकन सरकारने २०२० साली शेतकऱ्यांच्या खात्यावर थेट जेवढे पैसे जमा केले, तेवढे त्याआधी कुठल्याच एका वर्षात केले नव्हते. सगळ्या योजना मिळून आकडा सुमारे ४६ अब्ज डॉलरचा, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास साडेतीन लाख कोटी रुपयांचा. त्या वर्षी देशातल्या शेतीचं जे निव्वळ उत्पन्न झालं, त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग सरकारी पैशाचा होता. यातली बरीच रक्कम कोरोनाच्या नावाने आलेल्या योजनांतून आली.

आकडा ऐकला की आपल्याकडच्या माणसाला पहिला प्रश्न पडतो: एवढे पंचनामे केले कोणी? कोणीच केले नाहीत. तलाठी बांधावर गेला नाही आणि नुकसानीची टक्केवारीही कोणी मांडली नाही. शेतकऱ्याने एक अर्ज भरला, माल किती होता ते स्वतःच लिहिलं, खाली सही केली आणि बहुतेकांच्या खात्यावर काही दिवसांत पैसे आले. तुझं नेमकं किती नुकसान झालं, हे त्या अर्जात विचारलेलंच नव्हतं. तुझ्या नावावर किती बुशेल (तिथलं धान्याचं माप) मका आहे आणि किती डुकरं आहेत, एवढंच विचारलं होतं.

पुढच्या दोन वर्षांत कोणाला किती मिळालं, कोण कोरडा राहिला आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत कुजबुज का झाली, याची मुळं या एका निर्णयात आहेत. ते कसं, हे पाहायला एखादी काउंटी धरून चाललेलं बरं.

सू काउंटी

आयोवा राज्यात ९९ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे कागदोपत्री जिल्हा असला तरी लोकसंख्येने आपल्या एखाद्या लहान तालुक्याएवढी. राज्याच्या वायव्येला, साउथ डकोटाच्या सीमेला लागून असलेल्या सू काउंटीत जेमतेम ३६ हजार माणसं राहतात. मुख्य ठिकाण ऑरेंज सिटी, डच वसाहतकऱ्यांनी वसवलेलं, दर मे महिन्यात ट्यूलिपचा उत्सव भरवणारं गाव. पण शेतीतल्या विक्रीच्या आकड्यात ही काउंटी आयोवात पहिली. मका आणि सोयाबीन तर आहेच, शिवाय मांसासाठी पोसलेली गुरं, दूध, अंडी आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डुकरं. अमेरिकेतल्या एकूण डुकरांपैकी साधारण एक तृतीयांश एकट्या आयोवात आहेत आणि वायव्य आयोवा हा त्यातला दाट पट्टा.

या पट्ट्याला २०२० च्या वसंतात दोन बाजूंनी मार बसला.

पहिला मार मक्याला. आयोवाच्या मक्याचा मोठा हिस्सा माणसांच्या किंवा जनावरांच्या पोटात न जाता इथेनॉलच्या कारखान्यात जातो आणि ते इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात. मार्चअखेर देश घरात बसला, गाड्या उभ्या राहिल्या, इथेनॉलचे कारखाने बंद पडू लागले आणि त्यांच्यासोबत मक्याचा भावही खाली आला.

दुसरा मार डुकरांना आणि तो जास्त जिव्हारी लागणारा होता. सू काउंटीपासून गाडीने साधारण तासाभरावर असलेल्या सू फॉल्स शहरात स्मिथफील्ड कंपनीचा मोठा कत्तलखाना आहे. देशातल्या पोर्कपैकी, म्हणजे डुकराच्या मांसापैकी, चार-पाच टक्के माल त्या एका इमारतीतून बाहेर पडतो. कामगारांमध्ये कोरोना पसरला आणि १२ एप्रिल २०२० ला कंपनीने तो बेमुदत बंद ठेवण्याची घोषणा केली. आठवड्याभरात मिनेसोटातला वर्दिंग्टनचा जेबीएसचा कारखाना बंद झाला, मग आयोवातलाच वॉटर्लूचा टायसनचा. एप्रिलच्या शेवटी शेवटी देशातली डुक्कर कापण्याची सुमारे ४० टक्के क्षमता ठप्प होती.

मका कणगीत थांबतो. डुक्कर थांबत नाही. पिल्लू जन्मल्यापासून सहा महिन्यांत ते सव्वाशे-एकशे तीस किलोचं होतं आणि ठरलेल्या आठवड्यात ट्रकमध्ये चढावंच लागतं, कारण मागची बॅच शेडमध्ये यायची वाट बघत असते. वजन जास्त झालं की कारखान्याच्या साखळ्या-हुकांनाही ते झेपत नाही. त्या दिवसांत शेतकऱ्यांनी खाद्यातली प्रथिनं कमी केली, चोथा वाढवला, शेडमधला उकाडा वाढवला. जनावराने कमी खावं, कमी वाढावं, एवढाच हेतू. ज्यांचं त्यानेही भागलं नाही त्यांना निरोगी जनावरं मारून पुरावी लागली.

पैसा आला कुठून

अमेरिकेच्या संसदेने २७ मार्च २०२० ला केअर्स कायदा केला. त्यात शेतीसाठी साडेनऊ अब्ज डॉलर वेगळे ठेवले आणि एका जुन्या सरकारी महामंडळाची तिजोरी १४ अब्जांनी पुन्हा भरायची तरतूद केली. हे महामंडळ म्हणजे कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन, १९३३ च्या मंदीत जन्मलेलं. त्याला तिजोरीतून ३० अब्ज डॉलरपर्यंत उचल घेता येते आणि त्यातला पैसा कृषिमंत्री दर वेळी संसदेकडे न जाता शेतमालाच्या भावासाठी वापरू शकतो. चीनबरोबरच्या व्यापारयुद्धात २०१८ आणि २०१९ साली शेतकऱ्यांना जे अब्जावधी डॉलर वाटले, तेही इथूनच गेले होते. त्यामुळे कोरोना आला तेव्हा यंत्रणा नवी उभारायची गरज नव्हती. रस्ता मळलेला होता.

१७ एप्रिलला तेव्हाचे कृषिमंत्री सनी पर्ड्यू यांनी योजना जाहीर केली: कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्रॅम. शेतकरी तिला ‘सीफॅप’ म्हणू लागले. एकूण १९ अब्ज, त्यातले १६ अब्ज थेट शेतकऱ्यांना आणि ३ अब्जांतून सरकारने धान्य-भाजी-दूध-मांस विकत घेऊन गरजूंना खोकी वाटायची. अर्ज २६ मेपासून सुरू झाले.

अर्ज घ्यायचं काम फार्म सर्व्हिस एजन्सीचं, म्हणजे एफएसएचं. देशभर तिची दोन हजारांहून जास्त काउंटी कार्यालयं आहेत आणि प्रत्येकावर शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली एक समिती असते. कोरोनामुळे कार्यालयांची दारं बंद होती, सगळं फोनवर आणि ईमेलवर. ज्याने आधी कुठल्याही योजनेचा लाभ घेतला होता त्याचे सगळे कागद कार्यालयात होतेच. बँकेचा तपशील, उत्पन्नाची मर्यादा ओलांडत नसल्याचा दाखला, शेतीत कोणाचा किती हिस्सा त्याचा आराखडा. त्याला मुख्य अर्जाची पानं भरायची होती, बास. सरकारने एक एक्सेल फाइलही दिली होती, आकडे टाकले की किती मिळणार ते खाली दिसायचं. नव्या माणसाला मात्र हे सगळे फॉर्म पहिल्यापासून भरावे लागले, तेही समोर कोणी बसलेलं नसताना. सरकारी मदतीचा हा नियम जगभर सारखाच दिसतो: ज्याचं नाव वहीत आधीपासून आहे त्याच्याकडे पैसा लवकर जातो.

हिशेब मांडून पाहू

पहिल्या फेरीची अट सोपी होती. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ज्या मालाचा भाव ५ टक्के किंवा जास्त पडला, तो माल पात्र. मग प्रत्येक मालाला दर ठरवून दिला. तो देशभर एकच. काउंटी कुठली, कारखाना किती लांब, याचा संबंध नाही.

सू काउंटीतला एक काल्पनिक शेतकरी घेऊ. त्याच्याकडे ४०० एकर मका आहे आणि स्वतःच्या मालकीची डुकरं.

मक्याचं असं: २०१९ च्या हंगामात त्याला ६०,००० बुशेल मका झाला. (मक्याचं बुशेल म्हणजे २५.४ किलो, चार बुशेलचा साधारण एक क्विंटल.) नियम म्हणतो, एकूण उत्पादनाचा निम्मा भाग आणि १५ जानेवारी २०२० ला कणगीत भाव न ठरवता पडलेला साठा, यातलं जे कमी असेल ते धरा. निम्मं उत्पादन ३०,००० बुशेल, साठा २०,००० बुशेल, म्हणून २०,००० धरायचे. त्यातल्या अर्ध्याला ३२ सेंट आणि अर्ध्याला ३५ सेंट, सरासरी साडेतेहतीस सेंट. झाले ६,७०० डॉलर. आपल्या भाषेत क्विंटलमागे शंभरेक रुपये.

इथे एक गोम आहे. ‘भाव न ठरवता’ हे शब्द महत्त्वाचे. ज्या शेतकऱ्याने शहाणपणा करून हिवाळ्याआधीच मका विकून टाकला होता किंवा पुढच्या तारखेचा सौदा ठरलेल्या भावाने करून ठेवला होता, त्याला त्या मालावर काहीच मिळालं नाही. तर्क बरोबर आहे, त्याला भावघटीचा फटका बसलाच नव्हता. पण भाव वाढेल म्हणून कणगी भरून बसलेल्याला पैसे आणि वेळेत विकून मोकळा झालेल्याला शून्य, हे कॉफीच्या टेबलावर सहज पचणारं नव्हतं.

आता डुकरं. १५ जानेवारी ते १५ एप्रिल या काळात विकलेल्या १२० पौंडांच्या वरच्या प्रत्येक डुकराला १८ डॉलर, त्याहून लहान असेल तर २८ डॉलर. लहानाला जास्त, कारण दर त्या त्या प्रकारातली भावघट पाहून ठरले होते. आणि १६ एप्रिल ते १४ मे या काळात आपल्याकडे जास्तीत जास्त जेवढी डुकरं एका दिवशी होती, त्या प्रत्येकाला १७ डॉलर. आपल्या शेतकऱ्याने पहिल्या काळात १,२०० मोठी डुकरं विकली: २१,६०० डॉलर. दुसऱ्या काळात त्याच्याकडे १,२०० होती: २०,४०० डॉलर. मका धरून पहिल्या फेरीचे एकूण ४८,७००. यातले ८० टक्के, म्हणजे ३८,९६० डॉलर लगेच आले. निधी पुरतो की नाही याची धास्ती होती म्हणून २० टक्के रोखून ठेवले होते, ते ऑगस्टमध्ये सोडले.

तारखा पुन्हा एकदा बघा. कत्तलखाने बंद पडले ते १२ एप्रिलनंतर. डुकरांच्या मालकांची खरी वाताहत एप्रिलचा शेवट आणि मे महिन्यात झाली. पण योजनेचे दर एप्रिलच्या मध्यापर्यंतची घट पाहून बांधलेले. ज्याने मार्चच्या सुरुवातीला, सगळं सुरळीत असताना डुक्कर विकलं त्याला नगामागे १८ डॉलर. ज्याने एप्रिलच्या शेवटी मिळेल त्या भावाने ट्रक रिकामा केला त्याला १७. माझ्या मते सबंध योजनेतली ही सगळ्यात ठळक चूक होती आणि ती सुधारायला, पुढे दिसेल तसं, दीड-दोन वर्षं गेली.

शेड माझी, डुक्कर कंपनीचं

विदर्भात, मराठवाड्यात, नाशिककडे ज्यांनी करारावर ब्रॉयलर कोंबड्या पाळल्या आहेत त्यांना पुढचा भाग सांगावा लागणार नाही. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, औषधं देते. शेड, वीज, पाणी आणि राबणं शेतकऱ्याचं. आयोवात डुकरांचं बरंचसं असंच चालतं. शेतकरी बँकेचं कर्ज काढून दोन-अडीच हजार डुकरं मावतील अशी शेड बांधतो आणि कंपनीकडून त्याला जागेमागे वर्षाला ठरलेले पैसे मिळतात. शेणखतही त्याचंच, आणि मक्याच्या शेताला त्याचा मोठा आधार असतो. डुक्कर मात्र त्याचं नसतं.

सीफॅपचे पैसे डुकराच्या मालकाला. शेड कोणाची हा प्रश्नच नव्हता. त्यामुळे काउंटीतल्या रस्त्यावर शेजारी शेजारी सारख्याच दिसणाऱ्या दोन शेडमध्ये एका शेतकऱ्याला चाळीस हजार डॉलर आणि दुसऱ्याला एक सेंट नाही, असं होऊ शकत होतं. नुकसानही वेगळं होतं, हे खरं. भाव पडला तर तो मालकाच्या अंगावर येतो, करारवाल्याच्या नाही. पण नवी बॅच उशिरा आली किंवा आलीच नाही, शेड रिकामी राहिली, तर बँकेचा हप्ता करारवाल्याचाच थकतो. संसदेने डिसेंबर २०२० मध्ये त्यांच्यासाठी तरतूद केली आणि २०२१ मध्ये मार्ग निघाला: आधीच्या वर्षाच्या तुलनेत जेवढं उत्पन्न घटलं त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत भरपाई. गंमत अशी की अख्ख्या प्रकरणात खऱ्या नुकसानीचा आकडा मागितला गेला तो मुख्यतः याच लोकांकडून.

दुसरी फेरी आणि त्यापुढची

सप्टेंबर २०२० मध्ये, निवडणुकीला दीड महिना उरलेला असताना, सीफॅप-२ जाहीर झाली, १४ अब्ज डॉलरपर्यंतची. २१ सप्टेंबरपासून अर्ज. या वेळी पिकांसाठी साठ्याची भानगड काढून टाकली आणि पेरलेल्या एकरांवर हिशेब आणला. मक्यासाठी सूत्र: एकर गुणिले पीकविम्यासाठी मंजूर झालेली एकरी सरासरी, त्यातला ४० टक्के माल धरायचा, त्याला बुशेलमागे ५८ सेंट. आपल्या शेतकऱ्याची सरासरी २०० बुशेल असेल तर ४०० एकरांचे ८०,००० बुशेल, त्यातले ३२,०००, म्हणून १८,५६० डॉलर. एकरी ४६ डॉलर आणि वर थोडे सेंट. सूत्राने कमी आलं तरी एकरी किमान १५ डॉलर ठरलेलेच. डुकराला २३ डॉलर, १६ एप्रिल ते ३१ ऑगस्टमधला सगळ्यात मोठा साठा धरून, पैदाशीची जनावरं वगळून. १,२०० डुकरांचे २७,६००. दुसऱ्या फेरीचे झाले ४६,१६०.

मग डिसेंबरच्या कायद्याने मक्यासारख्या पिकांना एकरी आणखी २० डॉलर दिले. बायडन सरकारने जानेवारीत आल्या आल्या सगळं थांबवून तपासलं आणि मार्चअखेरीस पुन्हा सुरू केलं. यासाठी नवा अर्जही लागला नाही. आधीच्या अर्जावरच ८,००० डॉलर खात्यात. सगळं मिळून आपल्या शेतकऱ्याला १,०२,८६० डॉलर.

हे आठ हजार आले तोवर मक्याचा भाव कुठे होता? एप्रिल २०२० मध्ये बुशेलला तीन डॉलरच्या आसपास घुटमळणारा वायदा जानेवारी २०२१ मध्ये पाच डॉलरच्या वर गेला होता आणि मे महिन्यात सातच्याही वर. चीनने खरेदी वाढवली होती, साठे घटले होते. कणगीत मका ठेवलेल्या शेतकऱ्याला पडलेल्या भावाची भरपाई आणि चढलेला भाव, दोन्ही मिळाले. यात त्याने काही लबाडी केली नाही. योजनेत ‘भाव परत चढला तर’ असं कलमच नव्हतं.

हा पैसा जातो कुठे, हेही बघण्यासारखं. आयोवातली अर्ध्याहून जास्त शेतजमीन खंडाने कसली जाते. रोख खंड असेल तर मदत कसणाऱ्याला मिळते, वाटा असेल तर मालकालाही हिस्सा. पण पुढच्या हंगामाचा खंड ठरायला बसतात तेव्हा मालकालाही ठाऊक असतं की कुळाच्या खात्यात काय आलंय. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या पाहणीत २०२१ च्या एका वर्षात राज्यातल्या शेतजमिनीची सरासरी किंमत २९ टक्क्यांनी चढून एकरी ९,७५१ डॉलर झाली. त्यात चढे भाव आणि स्वस्त व्याज यांचा हात मोठा. सरकारी पैशानेही खिसा गरम ठेवला होता. नव्याने शेतीत उतरू पाहणाऱ्या तरुणाला हे महागात पडलं.

मर्यादा आणि तिच्या पळवाटा

कोणालाही कितीही मिळू नये म्हणून मर्यादा होती: एका फेरीत माणशी अडीच लाख डॉलर. मुळात एका मालासाठी सव्वा लाखाचीच सांगितली होती. मोठ्या पशुपालकांच्या संघटनांनी ओरड केल्यावर ती गेली. कंपनी किंवा एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) म्हणून नोंद असेल आणि तिच्या तीन भागीदारांनी प्रत्येकी वर्षाला ४०० तास राबण्याचं किंवा कारभार पाहण्याचं काम केलं असेल, तर मर्यादा साडेसात लाख. ४०० तास म्हणजे आठवड्याला आठ तासही भरत नाहीत. साध्या भागीदारीत तर प्रत्येक भागीदाराची मर्यादा वेगळी. बाप, दोन मुलं, सून असा खातेफोड केलेला संसार आपल्याला नवा नाही. इथे तो कायद्यात बसवलेला होता. सरासरी उत्पन्न नऊ लाख डॉलरच्या वर असलेल्यांना मदत नाही, अशीही अट होती, पण उत्पन्नाचा तीन चतुर्थांश भाग शेतीतून येत असेल तर तीही लागू नाही. म्हणजे शेतीतून श्रीमंत झालेल्याला अडवलं नाही, बाहेरून श्रीमंत असलेल्याला अडवलं.

याशिवाय लहान धंद्यांसाठीचं पगाराचं कर्ज, पीपीपी, शेतकऱ्यांनाही खुलं होतं आणि योग्य कामाला वापरलं तर ते माफ होत होतं. सुरुवातीला ते प्राप्तिकर विवरणातल्या निव्वळ नफ्यावर बेतलेलं होतं. अमेरिकन शेतकरी घसारा वगैरे दाखवून कागदावर नफा शून्यावर आणण्यात तरबेज, त्यामुळे अनेकांना काहीच मिळेना. डिसेंबर २०२० मध्ये निव्वळ काढून एकूण उत्पन्न धरलं, एक लाखाच्या मर्यादेत, आणि एकट्या शेतकऱ्याला एका वेळी २०,८३३ डॉलरपर्यंत मिळू लागले. तोट्यातल्या शेतकऱ्यालाही. तेवढ्याने बँकांच्या शाखांत पुन्हा रांग लागली.

नग मोजून पैसा वाटला की ज्याच्याकडे नग जास्त त्याला पैसा जास्त, हे उघड आहे. त्याची दुसरी बाजू देशाच्या पातळीवर दिसली. बायडन यांचे कृषिमंत्री टॉम व्हिल्सॅक, जे स्वतः आयोवाचे माजी गव्हर्नर, त्यांनी मार्च २०२१ मध्ये सांगितलं की आधीच्या सरकारने वाटलेल्या कोरोना मदतीतला जेमतेम ०.१ टक्का कृष्णवर्णीय शेतकऱ्यांपर्यंत गेला. पिढ्यान् पिढ्या जमीन आणि कर्ज नाकारलं गेलेल्यांकडे मोजायला नगच कमी होते. त्यांच्यासाठी आणलेली कर्जमाफी न्यायालयांत अडकली आणि २०२२ मध्ये कायद्यातूनच काढून टाकावी लागली.

कोणाला किती, हे सगळ्यांना दिसतं

आपल्याकडे गावात कोणाच्या खात्यावर काय आलं याची चर्चा पारावर होते. तिथे ती इंटरनेटवर होते. एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप ही संस्था माहिती अधिकारातून सरकारी आकडे मिळवते आणि काउंटीनिहाय, नावानिशी यादी लावते. ३६ हजारांच्या काउंटीत सगळेच एकमेकांना ओळखतात. यादीत शेजाऱ्याच्या नावापुढे सहा आकडी रक्कम दिसते; त्याचं खाद्याचं बिल किती थकलं होतं ते दिसत नाही. शिवाय हा पैसा करपात्र असतो, तेही यादीत लिहिलेलं नसतं.

आकडे शेतकऱ्याने स्वतः लिहिलेले, म्हणून नंतर काही जणांची तपासणी झाली. विक्रीच्या पावत्या, खाद्याची बिलं, कणगीच्या मापाच्या नोंदी मागितल्या. कागद जुळले नाहीत तर पैसे परत. दोन्ही फेऱ्यांत मिळून सुमारे ३१ अब्ज डॉलर वाटून झाल्यावर संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने, जीएओने, २०२२ मध्ये सांगितलं की ही तपासणी आणखी कसून व्हायला हवी होती. माझं मत थोडं वेगळं आहे. मे २०२० मध्ये बांधावर माणूस पाठवायचा ठरवलं असतं तर पैसा पोहोचायला वर्ष गेलं असतं आणि तोवर अनेकांची बँकेतली पत संपली असती. सहीवर विश्वास ठेवणं तेव्हा योग्यच होतं. मोजायचं काय, हे चुकलं.

डुकरांच्या बाबतीत ते सरकारलाही उशिरा का होईना कळलं. जुलै २०२१ मध्ये मारून पुरलेल्या जनावरांसाठी वेगळी योजना आली, बाजारभावाच्या ८० टक्के, आधी मिळालेली मदत वजा करून. आणि १५ डिसेंबर २०२१ पासून आणखी एक: १६ एप्रिल ते १ सप्टेंबर २०२० या काळात ज्यांनी करार नसताना, त्या दिवशीच्या बोलीच्या भावाने डुकरं विकली, त्यांना नगामागे ५४ डॉलर, १०,००० डुकरांपर्यंत. त्या वसंतातल्या १७ डॉलरच्या तिप्पट. यासाठी पाच कोटी डॉलर ठेवले होते. अर्ज सुरू झाल्यावर ‘बोलीचा भाव’ म्हणजे नेमका कोणता यावरच घोळ झाला, नियम पुन्हा समजावून सांगावा लागला, मुदत एप्रिल २०२२ अखेरपर्यंत वाढली आणि सगळ्यांना पूर्ण दराने द्यायला रक्कम सव्वासहा कोटींच्या पुढे न्यावी लागली. ज्या डुकरांसाठी हे पैसे आले ती विकून तेव्हा दोन वर्षं होत आली होती. त्याच शेडमधून दरम्यान तीन-चार बॅचेस निघून गेल्या होत्या.